एमएसचा नवा अटॅक की जुन्याच जखमेची कुरकुर?

१८२२ च्या डिसेंबरात ऑगस्टस डेस्टे नावाचा अठ्ठावीस वर्षांचा तरुण एका जवळच्या नातेवाइकाकडे चार दिवस राहायचं म्हणून इंग्लंडहून स्कॉटलंडला गेला. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा हा नातू. पोहोचला तर नातेवाईक वारलेले. अंत्यविधी उरकला आणि थोड्याच दिवसांत त्याला बारीक अक्षर दिसेनासं झालं. आलेली पत्रं दुसऱ्याने वाचून दाखवायची, उत्तरंही दुसऱ्यानेच लिहायची, अशी वेळ आली. पुढे तो आयर्लंडला गेला आणि डोळ्यांवर काहीही उपचार न करता नजर पहिल्यासारखी स्वच्छ झाली. हे सगळं त्याने स्वतःच्या डायरीत लिहून ठेवलं आहे. पाच वर्षांनी फ्लॉरेन्समध्ये त्याला एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या. तेही गेलं. मग पायांतली ताकद गेली, आली, पुन्हा कमी झाली. डॉक्टरांनी कानशिलांना जळवा लावल्या, पुढे अशक्तपणा जावा म्हणून दिवसातून दोनदा बीफ आणि सोबत शेरी-मदिरा घ्यायला सांगितली. असं कमी-जास्त होत होत १८४८ मध्ये तो गेला. आपल्याला काय झालंय हे त्याला अखेरपर्यंत कळलं नाही. कळणार तरी कसं? पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी या आजाराचं नीट वर्णन करून त्याला नाव दिलं ते १८६८ मध्ये.

आज त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस म्हणतात. औषधं आली, एमआरआय आला. पण त्या डायरीत जे 'येतं आणि जातं' दिसतं, ते घरच्यांना समजावून सांगणं आजही सगळ्यात अवघड आहे. माझी वहिनी नागपूरला असते, तिला एमएस आहे. तिचा पाय जड पडला की घरातला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "अटॅक आला का?" हा लेख त्या एका प्रश्नासाठी आहे. त्याचं उत्तर चुकलं तर दोन्हीकडून नुकसान होतं. खरा अटॅक 'थकवा असेल' म्हणून अंगावर काढला तरी, आणि दर वेळी पाय जड झाला म्हणून सलाईनमधून स्टेरॉईड घेतलं तरी.

आत काय होतं

मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या मागच्या नसा, एवढा एमएसचा प्रदेश. इथल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचं चरबीयुक्त आवरण असतं. ते सलग नसतं, मध्ये मध्ये बारीक फटी असतात आणि संदेश एका फटीवरून पुढच्या फटीवर उड्या मारत जातो. म्हणून तर जाड, आवरण असलेल्या तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास धावू शकतो, आणि बारीक, उघड्या तंतूतून जेमतेम एखादा मीटर सरकतो.

एमएसमध्ये आपल्याच रोगप्रतिकारक पेशी मेंदूत शिरतात आणि या आवरणाला परकं समजून त्यावर हल्ला करतात. त्या जागी सूज येते, आवरण झिजतं, संदेश मंदावतो किंवा अडतो. पुढे तिथे व्रण राहतो. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'लीजन' किंवा 'प्लाक' लिहिलेलं असतं ते हेच. व्रण कुठे पडला यावर लक्षण ठरतं. डोळ्याच्या नसेवर असेल तर नजर धुरकट होते, मज्जारज्जूत असेल तर पायांना मुंग्या, बधिरपणा, लघवीची घाई. मेंदूच्या बुंध्याशी असेल तर दोन-दोन दिसणं, चक्कर, तोल जाणं. म्हणून एमएस असलेली दोन माणसं शेजारी बसवली तर त्यांचे आजार एकमेकांसारखे वाटतही नाहीत.

आता ते जातं कसं? पहिली गोष्ट, सूज काही आठवड्यांत ओसरते. दुसरी, उघड्या पडलेल्या तंतूवर नवीन सोडियम चॅनेल तयार होतात, म्हणजे विद्युतभार आत घेणारी सूक्ष्म दारं, आणि संदेश हळूहळू का होईना पण पार होतो. तिसरी, थोडंफार मायलिन पुन्हा चढतं, मात्र आधीपेक्षा पातळ. आणि मेंदू काही कामं दुसऱ्या वाटेने करून घ्यायला शिकतो. एमएस झालेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांमध्ये आजाराची सुरुवात अशी होते: अटॅक, मग बरं होणं, मग शांत काळ. याला रिलॅप्सिंग-रेमिटिंग प्रकार म्हणतात. उरलेल्यांत आजार सुरुवातीपासूनच हळूहळू वाढत जातो.

या बरं होण्यातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या विषयाची किल्ली आहे. डागडुजी झालेला तंतू काम करतो, पण काठावर. त्याच्याकडे शिल्लक काही नसते. जरा ताण पडला की तो अडखळतो.

खरा अटॅक कशाला म्हणायचं

डॉक्टर यासाठी तीन गोष्टी बघतात. लक्षण नवीन असायला हवं, किंवा जुनं असेल तर आधीपेक्षा स्पष्ट वाढलेलं. ते किमान २४ तास सलग टिकायला हवं. आणि त्या वेळी अंगात ताप किंवा कुठलाही संसर्ग नसावा. शिवाय आधीच्या अटॅकपासून निदान ३० दिवस गेलेले असावेत, नाहीतर तो त्याच अटॅकचा पुढचा भाग धरतात.

त्याची चालही ठरावीक असते. सकाळी उठल्यावर एका पायाच्या बोटांना बधिरपणा, संध्याकाळी घोट्यापर्यंत, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गुडघ्याच्या वर, असा तो चढतो. काही दिवस तसाच राहतो आणि मग काही आठवड्यांत उतरतो. डोळ्याच्या नसेला सूज आली तर आधी डोळा फिरवताना आत दुखतं, मग नजर धूसर होते आणि रंग उडतात, विशेषतः लाल. एकेक डोळा झाकून कुंकवाच्या डबीकडे किंवा लाल कापडाकडे बघितलं की एका डोळ्याला तो लाल आणि दुसऱ्याला विटकरी-फिकट दिसतो. ही खूण घरी चटकन कळते आणि ती दिसली तर त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्टना फोन करावा.

याउलट काही लक्षणं भीतिदायक असली तरी एकटी आली म्हणून अटॅक ठरत नाहीत. मान खाली वाकवली की पाठीतून पायापर्यंत विजेचा करंट गेल्यासारखं होतं, त्याला लेर्मिटचं लक्षण म्हणतात. छातीभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं वाटतं. हे जुन्या व्रणामुळे अधूनमधून होत राहू शकतं. पहिल्यांदाच सुरू झालं आणि दिवसभर पुन्हा पुन्हा येत राहिलं तर मात्र ते नवीन लक्षण आहे, तेव्हा कळवायचं. आणि छातीतला आवळ पहिल्यांदाच जाणवत असेल तर आधी हृदयाची तपासणी. एमएस आहे म्हणून छातीतलं प्रत्येक दुखणं त्याच्याच खात्यावर टाकू नये.

उन्हाळा, कढत पाणी आणि लघवीचा संसर्ग

१८९० मध्ये विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी पाहिलं की काही एमएस रुग्णांना व्यायाम केला की तात्पुरतं कमी दिसायला लागतं आणि विसावा घेतला की नजर परत येते. त्यांना वाटलं व्यायामामुळे होतंय. पुढे कळलं की खरं कारण शरीराचं तापमान आहे. एमआरआय नव्हता त्या काळात तर डॉक्टर संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवायचे आणि लक्षणं उमटतात का ते बघायचे. ती 'हॉट बाथ टेस्ट' आता कोणी करत नाही आणि कोणी करूही नये, पण आपल्याकडे नकळत ती घरोघरी होते. दिवाळीच्या पहाटेचं कढत अभ्यंगस्नान, सर्दी झाली म्हणून डोक्यावर चादर घेऊन वाफारा, पाय दुखतात म्हणून गरम पाण्याची पिशवी, कुणीतरी सुचवलं म्हणून पंचकर्मातलं स्वेदन. आणि मग न्हाणीतून बाहेर येताना पायच उचलत नाही.

यामागचं कारण साधं आहे. तापमान वाढलं की सोडियम चॅनेल लवकर बंद होतात. निरोगी तंतूकडे एवढी शिल्लक असते की त्याला फरक पडत नाही. पण काठावर चाललेल्या, आवरण गेलेल्या तंतूत तेवढ्यानेच संदेश तुटतो. त्याला शरीराचं तापमान अर्धा अंश सेल्सिअस वाढलं तरी पुरतं. एमएस असलेल्या साधारण ६० ते ८० टक्के लोकांना उष्णतेचा असा त्रास होतो. शरीर थंड झालं की लक्षण मागे सरतं, बहुतेकदा तासाभरात, कधी थोडं जास्त लागतं. मोडून सांधलेलं हाड पावसाळ्यात ठणकतं म्हणून ते पुन्हा मोडलं असं आपण म्हणत नाही, हे तसंच. या खोट्या अटॅकला डॉक्टर 'स्यूडो-रिलॅप्स' म्हणतात. खोटा म्हणजे नाटक नव्हे. पाय खरोखरच चालत नाही, माणूस खरोखरच पडू शकतो. फक्त आत नवीन जखम झालेली नसते, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

एक ओळखीची खूण सांगते. खोट्या अटॅकमध्ये जुनंच लक्षण परत येतं, तेही त्याच जागी. तीन वर्षांपूर्वी उजवा डोळा गेला होता, आज उन्हातून आल्यावर तोच धुरकट झाला, तर बहुधा उष्णता. आज पहिल्यांदाच डावा हात जड झाला आणि पंख्याखाली पडून, गार पाणी पिऊन, रात्रीची झोप होऊनही तसाच आहे, तर तो वेगळा विषय.

नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे हा त्रास रोजचा असतो. पण मला मुंबई-कोकणातली दमट हवाही तितकीच वाईट वाटते, कारण घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही आणि डेझर्ट कूलर अशा हवेत काही करत नाही. तिथे एसीच हवा, आणि एमएस असलेल्या माणसासाठी एसी ही चैन नाही, हे घरच्या कर्त्या माणसांनी एकदा समजून घ्यावं. वहिनी उन्हाळ्यात बँकेची, बाजाराची कामं सकाळी नऊच्या आत उरकते. बाहेर जायच्या आधीच कोमट-गार पाण्याने अंघोळ करते, कारण आधी थंड केलेलं शरीर तापायला वेळ लागतो. मानेवर ओला पंचा, पिशवीत थंड पाण्याची थर्मासची बाटली. स्वयंपाकघरात पोळ्या आणि फोडण्या एका दमात करत नाही. कणीक मळणं, भाजी चिरणं ही कामं पंख्याखाली बसून होतात आणि गॅससमोरचा वेळ तेवढा कमी होतो. लग्नसराईत मांडवात दोन तास बसण्याऐवजी ती अक्षतांपुरती जाऊन येते. सुरुवातीला लोक बोलले. आता नाही बोलत.

उष्णतेपेक्षाही फसवं कारण मात्र लघवीचा संसर्ग आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे कोणी मोकळेपणाने बोलत नाही. मज्जारज्जूतल्या व्रणामुळे मूत्राशय दोन प्रकारे बिघडतं: घाई लागते आणि पूर्ण रिकामंही होत नाही. घाई लागते म्हणून बाई पाणी पिणं कमी करते, त्यात एसटी स्टँडवरचं, ऑफिसमधलं स्वच्छतागृह जाण्यासारखं नसतं म्हणून आणखी कमी करते. आत साचून राहिलेल्या घट्ट लघवीत जंतू वाढतात. संवेदना कमी असल्यामुळे जळजळ जाणवतही नाही. बारीक ताप येतो, तोही हाताला लागत नाही. आणि एक दिवस अचानक पलंगावरून उठता येत नाही. सगळ्यांना वाटतं मोठा अटॅक आला. प्रत्यक्षात लागतं ते लघवीची तपासणी, कल्चर (जंतू कोणता ते कळण्यासाठी) आणि योग्य अँटिबायोटिक. ताप उतरला की पाय परत येतात. अशा वेळी घाईने स्टेरॉईड दिलं तर संसर्ग आणखी भडकू शकतो. म्हणून अचानक बिघाड झाला की आधी थर्मामीटर आणि लघवीची तपासणी, मग अटॅकची चर्चा, हा क्रम पक्का ठेवावा. लघवी पूर्ण होत नसेल तर सोनोग्राफीत मागे किती उरते ते मोजता येतं आणि त्यावर उपाय आहेत.

झोप न होणं, बद्धकोष्ठता, पाळीच्या आधीचे दिवस, दाढदुखी, पायाच्या नखाची जखम यांनीही जुनी लक्षणं वर येतात.

मग खरा अटॅक कशाने येतो

खरं सांगायचं तर बहुतेक अटॅकना बोट दाखवावं असं कारण सापडत नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण रुग्ण आणि घरचे दोघेही महिनोन्‌महिने स्वतःला दोष देत बसतात: त्या दिवशी आइस्क्रीम खाल्लं म्हणून, प्रवास केला म्हणून, भांडण झालं म्हणून. अमुक खाल्ल्याने अटॅक येतो असं कुठल्याही एका पदार्थाबद्दल सिद्ध झालेलं नाही. आंबट, वातूळ, थंड यांचं पथ्य पाळून जेवण निम्म्यावर आणलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यात फक्त वजन आणि ताकद जाते.

ज्यांचा संबंध दिसून आला आहे अशा गोष्टी मोजक्या आहेत. सर्दी-फ्लूसारख्या विषाणूजन्य संसर्गानंतरच्या काही आठवड्यांत खऱ्या अटॅकची शक्यता वाढते. म्हणजे संसर्ग दोन्ही खेळ खेळतो: तापात खोटा अटॅक, आणि ताप गेल्यावर कधी कधी खरा. लशींची भीती मात्र अनाठायी आहे. युरोपातल्या रुग्णांवरचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की लस घेतल्यामुळे अटॅक वाढत नाहीत. फक्त काही औषधं सुरू असताना जिवंत विषाणूंच्या लशी चालत नाहीत, आणि औषध सुरू करण्याआधी लशी पूर्ण करून घेणं चांगलं, तेवढं डॉक्टरांना विचारावं.

बाळंतपणाबद्दल अजूनही मुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना चुकीचं सांगितलं जातं. १२ युरोपीय देशांतल्या २५४ गरोदर स्त्रियांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदरपणाआधी त्यांना वर्षाला सरासरी ०.७ अटॅक येत होते. शेवटच्या तिमाहीत हे प्रमाण ०.२ वर आलं, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत १.२ वर गेलं. म्हणजे गरोदरपण संरक्षण देतं आणि पहिले तीन महिने जपायचे असतात. पोटात बाळ असताना चालणार नाहीत अशी काही औषधं आहेत, त्यामुळे दिवस राहण्याआधीच न्यूरोलॉजिस्टशी बोलायला हवं. एमएस आहे म्हणून आई होता येत नाही हे खरं नाही. आणि बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी, शेक, धुरी यातलं काय काय टाळायचं हे वर वाचून लक्षात आलंच असेल.

मानसिक ताणाचं चित्र गुंतागुंतीचं आहे. १९९१ च्या आखाती युद्धात इस्राएलवर क्षेपणास्त्रं पडत होती, तेव्हा तिथल्या एमएस रुग्णांच्या एका लहान गटात अटॅक चक्क कमी झालेले दिसले. २००६ च्या लेबनॉन युद्धात उत्तर इस्राएलमधल्या रुग्णांत ते वाढलेले दिसले. एकूण अभ्यास पाहता ताण आणि अटॅक यांचा संबंध आहे असं दिसतं, पण कुठल्या माणसाला कुठला ताण बाधेल हे कुणी सांगू शकत नाही. ताण कमी झाला तर जगणं सुसह्य होतं, म्हणून तो कमी करावा. पण "तू फार विचार करतेस म्हणून तुला अटॅक येतो" हे वाक्य कोणत्याही घरात बोललं जाऊ नये. त्याने आजारी माणसावर आजाराबरोबर गुन्ह्याचंही ओझं पडतं.

आणखी एक कारण आहे, जे आपल्या हातात असतं: औषध अचानक बंद करणं. फिंगोलिमॉड किंवा नॅटालिझुमॅब ही एमएसची औषधं बंद केल्यावर काही रुग्णांत आजार आधीपेक्षा जोरात उसळतो. पैसे संपले, गोळ्या मिळाल्या नाहीत, कुणी दुसऱ्या पॅथीचा आग्रह धरला, कारण काहीही असो, परस्पर थांबवू नये. परवडत नसेल तर तसं डॉक्टरांना सरळ सांगावं, पर्याय असतात.

स्टेरॉईड काय करतं आणि काय करत नाही

खरा आणि कामात अडथळा आणणारा अटॅक असेल तर साधारणपणे मिथाइलप्रेडनिसोलोन १ ग्रॅम रोज, तीन ते पाच दिवस सलाईनमधून देतात. त्याने सूज लवकर उतरते, दिवस वाचतात. पण सहा महिन्यांनी माणूस किती बरा झालेला असेल, यात मात्र त्याने फारसा फरक पडत नाही. म्हणून नुसत्या मुंग्यांचा सौम्य अटॅक असेल तर काही डॉक्टर स्टेरॉईड न देता वाट बघतात, आणि ते दुर्लक्ष नसतं. दवाखान्यात भरती व्हायलाच हवं असंही नाही: २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच अभ्यासात तेवढाच डोस तोंडाने घेतला तरी परिणाम सारखाच दिसला.

मात्र घराजवळच्या डॉक्टरांकडून कमी ताकदीच्या स्टेरॉईडच्या गोळ्या आणून चार दिवस खाणं वेगळं. १९९२ मध्ये डोळ्याच्या नसेच्या सुजेवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या डोसच्या प्रेडनिसोनच्या नुसत्या गोळ्या घेतलेल्यांत तो त्रास पुन्हा होण्याचं प्रमाण उलट जास्त निघालं.

त्या तीन-पाच दिवसांत झोप उडते, तोंडात धातूची चव येते, साखर आणि रक्तदाब वाढू शकतो, मन अस्वस्थ होतं. मधुमेह असेल तर आधी सांगावं. आपल्याकडे टीबीचं प्रमाण पाहता पूर्वी टीबी झाला असेल किंवा घरात कुणाला असेल तर तेही न विचारता सांगावं. स्टेरॉईडने उतरला नाही असा मोठा अटॅक असेल तर रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पातळ द्रव भाग, बदलण्याचा उपाय आहे. आणि अटॅक उतरत असतानाच फिजिओथेरपी सुरू व्हायला हवी. सुधारणा दोन-तीन महिने तर वेगाने होतेच, पुढे वर्षभरही हळूहळू चालू राहू शकते.

शांत काळात आत काय चालू असतं

रेमिशन, म्हणजे दोन अटॅकमधला हा शांत काळ, आला की आजार बरा झाला असं घरच्यांना वाटतं आणि इथेच सगळ्यात मोठी गफलत होते. दर महिन्याला एमआरआय काढून पाहिलेल्या अभ्यासांत दिसलं की बाहेर एक अटॅक दिसतो तेव्हा आत त्याच्या कितीतरी पट नवीन व्रण गुपचूप पडून गेलेले असतात. ते मेंदूच्या अशा भागात पडतात जिथे लगेच काही जाणवत नाही. शिवाय अटॅकशिवायही तंतूंची झीज थोडी थोडी चालू राहते. काही लोकांत पुढे अटॅक थांबतात पण चालणं हळूहळू कमी होत जातं, तो आजाराचा दुसरा टप्पा.

रोजच्या किंवा सहामाही औषधाचं काम त्या गुपचूप व्रणांना रोखणं हे आहे. म्हणून "बरं वाटतंय, मग गोळी कशाला?" या प्रश्नाचं उत्तर असं की बरं वाटतंय त्यात गोळीचाही वाटा असतो आणि तिने टाळलेलं नुकसान कधी दिसणारच नाही. १९९३ मध्ये इंटरफेरॉन हे पहिलं असं औषध आलं तेव्हा अटॅक साधारण एक तृतीयांशाने कमी व्हायचे. आताची काही औषधं त्याहून बरीच प्रभावी आहेत. रिटुक्सिमॅब मूळचं एमएससाठीचं नसलं तरी भारतात बरंच वापरलं जातं, कारण त्याच्या देशी आवृत्त्या स्वस्त पडतात, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ग्लॅटिरामर आणि क्लॅड्रिबिन या औषधांसोबत ते एमएससाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. यातली काही औषधं सुरू करण्याआधी टीबी आणि हिपॅटायटिस बी यांची तपासणी करून घेतात. धूम्रपानाने आजार वेगाने पुढे सरकतो, ते सोडावंच.

एक इशारा, विशेषतः ज्यांचे अटॅक मोठे आहेत त्यांच्यासाठी: दोन्ही डोळे एकदम गेले, मज्जारज्जूत लांबलचक व्रण दिसला, दिवसचे दिवस न थांबणारी उचकी किंवा उलटी झाली, तर तो एमएसचा जुळा वाटणारा एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) नावाचा वेगळा आजार असू शकतो. आशियाई लोकांत तो लक्षात ठेवावाच लागतो. त्याची अँटिबॉडी रक्तात तपासता येते, २००४ पासून ती माहीत आहे. आणि एमएसची काही औषधं, इंटरफेरॉनसुद्धा, त्या आजारात अपाय करतात. ही तपासणी झालेली आहे का, हे एकदा जुन्या फाइलमध्ये बघून घ्या.

शांत काळातही राहतो तो थकवा. रात्रभर झोपूनही दुपारी दोनला शरीर बंद पडल्यासारखं होतं. हा आळस नाही आणि नैराश्यही नाही, जरी नैराश्य सोबत असू शकतं आणि त्यावर उपचार होतात. अटॅक नसताना येणारा हा थकवा बाहेरून दिसत नाही, म्हणून "दिसायला तर ठणठणीत आहेस" हे वाक्य एमएस असलेल्या माणसाला आयुष्यभर ऐकावं लागतं. औषधांचा यावर फार उपयोग होत नाही. नेमाने झेपेल एवढा व्यायाम, गारवा आणि दिवसाची कामं तुकड्यांत वाटणं याचाच होतो. व्यायामाने उष्णता वाढून पाय जड झाला तरी त्याने आजार वाढत नाही, थांबून गार झालं की तो उतरतो. सकाळी पंख्यासमोर करावा.

एक साधी वही ठेवा. लक्षण कोणतं, कुठल्या बाजूला, किती वाजता सुरू झालं, किती वेळ राहिलं, तेव्हा ताप किती होता, आदल्या रात्री झोप किती झाली, औषध चुकलं होतं का. डॉक्टरांना फोनवर एवढं सांगता आलं तर अटॅक की स्यूडो-रिलॅप्स हे अर्ध्याहून अधिक वेळा तिथेच ठरतं.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगतेत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते, आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगता लागते. अडचण अशी की तपासणीच्या दिवशी माणूस चांगला चालत असू शकतो. म्हणून तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर जाताना सगळे एमआरआय रिपोर्ट, अटॅकच्या वेळची डिस्चार्ज कार्डं, न्यूरोलॉजिस्टचं पत्र आणि ही वही सोबत न्यावी, मूत्राशयाचा त्रास आणि थकवा संकोच न करता सांगावा. मुंबईत १९८५ मध्ये सुरू झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या पुण्यासह अनेक शहरांत शाखा आहेत. अर्ज भरण्याआधी तिथे फोन करून, यातून आधी गेलेल्या कुणाशी तरी बोलून घ्या.